मनुआत्याच्या थापा

माझी आत्या मनुबाई थापा मारायची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं तुम्हाला ती आवडायला लागेल आणि मग तुम्ही तिचं सगळंच खरं मानाल. आमच्या चौलमध्ये निम्म्या गावाचं तसं झालं होतं. रेवसची लाँच आपल्यासाठी थांबते, असं ती सांगायची. भाऊच्या धक्क्यावर उतरलं की हमाल आपल्या टोपल्यांसाठी भांडतात, असंही सांगायची. भायखळ्याच्या बाजारात तोंडल्यांचा भाव आपण बोलल्याशिवाय फुटत नाही, हे तर ती इतक्या शांतपणे सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कमीच सांगतेय. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, "मुंबईत माजी खोली हाय."

ही खोली कुणी पाहिली नव्हती, पण तिची आम्हाला खडान्‌खडा माहिती होती. दोन खिडक्या, त्यातल्या एकीतून बोटी दिसतात. शेजारीण मोठी भांडकुदळ, पण आत्याला वचकून असते. आई कधीतरी वैतागून म्हणायची, "एवडी खोली हाय तर आमालाबी न्या की एकदा." त्यावर आत्या म्हणायची, "न्हेते की. जरा सुगी उरकू दे." सुगी उरकायची, लग्नसराई यायची, मग पाऊस लागायचा आणि लाँचचा भरवसा संपायचा.

आत्या ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न होऊन नागावला गेली आणि नवरा तापानं गेला तेव्हा परत माहेरी आली. आबांचा स्वभाव मऊ. ते म्हणाले, बाय, घर तुझंच आहे. दुसरी एखादी डोळे पुसत चुलीपाशी बसली असती. आत्यानं मात्र थोड्याच दिवसांत वाडीतली तोंडली, सुरण, वालाच्या शेंगा टोपलीत भरल्या आणि रेवसची वाट धरली. तेव्हापासून पावसाळा सोडला तर तिचं निम्मं आयुष्य मुंबईत जायचं. "मी कुनाची चाकर न्हाय, माजी मी शेटीन," असं ती म्हणायची, आणि एवढी एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी होती.

आता माझं. अठ्ठावन्न साली मी मॅट्रिक झाले आणि गणितात शाळेत पहिली आले. रेवदंड्याच्या शाळेचे हेडमास्तर छत्री सावरत आमच्या पडवीत येऊन बसले आणि आबांना म्हणाले, "येसाजीराव, नलूला सायन्सला घाला." अलिबागला तेव्हा कॉलेज नव्हतं. मॅट्रिकच्या पुढं मुलीला दोनच वाटा, एक मुंबईची आणि दुसरी बोहल्याची. बोहल्याची वाट तयारच होती. पोयनाडहून मागणी आलेली, मुलगा पोलिसात, मिश्या झुपकेदार. मला त्या मुलाचा राग नव्हता, पण त्या मिश्या डोळ्यांसमोर आल्या की गणितातलं सगळं पुसून जायचं.

आबांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग निकाल दिला. "पोरींच्या वसतिगृहात जागा मिळंल तर जाऊ दे. चारी अंगांनी भिंत पायजे आनि दारावर मानूस पायजे. जागा न्हाय मिळाली, तर तुळशीचं लगीन झालं की हिचं."

आबांना वाईट म्हणू नका. गावातली एकही मुलगी तोवर गावाबाहेर एकटी राहिली नव्हती. चार लोक काय म्हणतील, याला त्यांनी भिंत हे उत्तर काढलं होतं. भिंत असली की लोकांना बोलायला जागा नाही. मी मात्र त्या दिवसापासून देवाकडे विद्या मागायची सोडून भिंत मागायला लागले.

अर्ज इंग्रजीतून होता. हेडमास्तरांनी तो स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात भरून दिला. त्यातच प्रवेशाचं मागणं आणि वसतिगृहाचंही. बरोबर कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. शेतात चिखलणीचे दिवस, आबांना उसंत नव्हती. आत्या पदर खोचून म्हणाली, "तू कशाला येतोस येसाजी? मुंबई माज्या पायाखालची हाय."

समुद्र खवळलेला, म्हणून आम्ही एसटीनं पेण-पनवेलवरून वळसा घालून गेलो. माझगावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आत्या मला थेट धर्माकाकाच्या खोलीवर घेऊन गेली. धर्माकाका आमच्याच गावचे, गोदीत कामाला. त्यांची बायको सोनाबाई, तीन पोरं आणि एक खोली. मी हळूच विचारलं, "आत्या, तुझ्या खोलीवर का नाही गेलो?"

"रंग देतायत तिला."

"पावसात?"

"मुंबईत पावसातच देतात. वास लवकर मरतो."

सोनाबाई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. त्या व्हरांड्यातली गर्दी मला आजही दिसते. कोट घातलेले वडील, खिशाला दोन दोन पेनं लावलेले मुलगे, आणि जो तो दुसऱ्याला, तुझे मार्क किती, असं विचारतोय. मला वाटत होतं, गणितात पहिली आलेली आपण एकटीच. तिथं गणितात पहिल्या आलेल्यांची रांगच लागलेली होती. माझ्या पुढचा मुलगा त्याच्या मित्राशी इंग्रजीत बोलत होता, तेही भांडत. इंग्रजीत भांडताही येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मुलाखतीसाठी मी चार उत्तरं पाठ केली होती. वडील काय करतात, गाव कोणतं, सायन्स कशासाठी आणि आवडता छंद. आत गेले तर चष्मेवाल्या प्रोफेसरांनी विचारलं, "गणित आवडतं का?" हे पाठात नव्हतं. मी एक श्वास घेतला आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "होय सर, माझे वडील शेतकरी आहेत."

प्रोफेसर हसले. मग त्यांनी मला फळ्यावर एक गणित घातलं आणि खडू हातात दिला. फळ्याला इंग्रजी लागत नाही. मी गणित सोडवलं आणि त्यांनी कागदावर सही केली.

बाहेर आले तर आत्या विजयी मुद्रेनं बाकावर बसलेली. मी आत असताना वसतिगृहाच्या खिडकीवर पालकांना बोलावलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या पारशी कारकुनाशी काय काय बोलणं झालं, ते तिनं मला साभिनय सांगितलं. नंतर तिनं तेच मला आयुष्यभर इतक्यांदा सांगितलं की मी स्वतःच तिथं उभी होते असं वाटतं.

कारकुनानं अर्ज डोळ्यांजवळ धरला. "बाई, तुमी चॉलमदी राहते?"

"व्हय, चौलमदीच. तीन पिड्या."

"कुलाबा?"

"कुलाबा. अख्ख्या कुलाब्यात आमच्यासारकं घर दावा."

"किती रूम?"

"पडवी धरून चार. मागं न्हानी येगळी."

कारकुनानं म्हणे चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "आनि पानी?"

"पान्याला काय तोटा? कवाबी काडा."

"बस?"

"देवळापाशी थांबते. चार पावलं न्हाईत."

"तर मग बाई," कारकून म्हणाला, "एवडा चांगला घर असून छोकरीला हॉस्टेलमदी कशाला टाकते?"

इथं आत्याचं डोकं फिरलं. टाकते? पोरीला टाकते? उकिरड्यावर टाकावं तसं? "ओ शेट," ती म्हणाली, "आमच्यात पोरी टाकत न्हाईत. घरात जागा हाय, खायाला हाय. पोर आमाला जड न्हाय झाली."

"शाबास!" कारकून खूश होऊन म्हणाला. "घरचा जेवन ते घरचा जेवन."

"त्येच की!" आत्या म्हणाली. त्यानं काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, आणि दोघांनी एकमेकांना रामराम केला.

दुपारी फलकावर याद्या लागल्या. सायन्सच्या यादीत माझं नाव होतं. मी आत्याला मिठीच मारली. मग वसतिगृहाची यादी पाहिली. तिच्यात नव्हतं. मी बोट ठेवून ती यादी खालून वर वाचली, जसं काही उलट वाचलं की नाव येणार होतं. शेवटी शिपायाला विचारलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "वसतिगृहाचा अर्ज मागं घेतलाय. पालकांनीच नको म्हटलंय."

आत्या म्हणाली, "कोन पालक?"

तेव्हा मला उलगडा झाला. आज जो रायगड जिल्हा आहे तो तेव्हा कुलाबा जिल्हा होता, आणि मुंबईत स्वतःचं एक कुलाबा होतंच. त्यात आमच्या गावाचं दुर्दैव असं की इंग्रजीत चौल लिहिलं काय आणि चाळ लिहिली काय, फरक एका अक्षराचा. हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात तर तेवढाही राहिला नव्हता. कारकुनानं वाचलं, मुलगी कुलाब्याच्या चाळीत राहते. आणि आमच्या आत्यानं त्या चाळीत त्याला चार खोल्या, वेगळी न्हाणी आणि केव्हाही काढायला पाणी दाखवलं. मुंबईत असली चाळ असती तर त्यानं स्वतःच बिऱ्हाड हलवलं असतं.

आज मी हे हसत सांगते. तेव्हा मला हसू आलं नाही. खिडकी बंद झाली होती. माझ्या डोळ्यांसमोर पोयनाडच्या मिश्या उभ्या राहिल्या. मी भर व्हरांड्यात आत्यावर ओरडले, "हात दाखवून अवलक्षण! तुला नुसतं हो-नाही बोलता येत नाही का?" आत्या उठली आणि ट्रामच्या थांब्याकडे चालायला लागली.

धर्माकाकाच्या खोलीवर पोचल्यावर मला एकदम सुचलं. "आत्या, अगं तुझी खोली आहे की! मी तिथं राहीन. तू येऊन जाऊन असतेसच. आबांना सांगू, भिंत आहे, दार आहे, शेजारीण तुला वचकून असते."

सोनाबाई पोरांना घेऊन बाहेर गेली. आत्या भिंतीला टेकून बसली होती. मला आठवतं, तिनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नले," ती म्हणाली, "काल आलो तवा तू दाराभायेर चपला काडल्यास ना?"

"हो."

"तीच माजी खोली."

मला कळेना. मग कळलं. त्या चाळीचा सज्जा अरुंद होता. एका अंगाला बिऱ्हाडांची दारं आणि दुसऱ्या अंगाला लाकडी कठडा. त्या कठड्याच्या गजांतून खरंच बोटी दिसायच्या. दिवसभर बाजार करून आत्या तिथं टोपली पालथी घालून निजायची. वर्षानुवर्षं. सोनाबाई तिला पाणी द्यायची, आत्या सोनाबाईला भाजी द्यायची.

"मग सांगायचं कशाला खोटं?"

"माहेराला परत आलेल्या बाईला जगात एक तरी दार आपलं लागतं गं. नसंल तर बोलून तरी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "येसाजी चांगलाच हाय. पन त्याच्या ताटातलं खाते असं कुनी म्हनू नये. खोली हाय म्हटलं की लोक जरा इचारून बोलतात."

मला राग यायला हवा होता. तो कुठं गेला कळलं नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, थोडं कॉलेजासाठी आणि बरंचसं तिच्यासाठी.

सकाळी ती माझ्या आधी उठून तयार. "चल. त्या म्हाताऱ्याला चौल दावते."

कारकुनाला सगळं उमगल्यावर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मारी भूल थई गई, बेटा, मारी भूल." भला माणूस. तो काम सोडून, आमच्या डोक्यावर छत्री धरून, आम्हाला वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे घेऊन गेला. रेक्टरबाई खादीचं पातळ नेसणाऱ्या, बारीक अंगाच्या, कडक. जात कुणाची विचारायच्या नाहीत, पण नखं सगळ्यांची तपासायच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "जागा भरल्या. नाव काढलं गेलं ते कुणाच्या का चुकीनं असेना, आता कुणाला उठवून हिला देऊ? एखादी मुलगी सोडून गेली तर बघू."

"कवा जाईल?"

"ते मी कसं सांगणार, बाई?"

आत्या विनवण्या करत होती, कारकून गुजराथीत विनवण्या करत होता, आणि रेक्टरबाई मान हलवत होत्या. तेवढ्यात आत्यानं नाक वर केलं. "बाई, तुमची आमटी लागली."

"लागू दे. रोजच लागते." रेक्टरबाई वैतागून बोलल्या. "आमची स्वयंपाकीण लावणीला म्हणून गावी गेली ती आलीच नाही. पहारेकरी रांधतोय. अर्ध्या मुली पावावर दिवस काढताहेत."

आत्या गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटायची, कारण तेव्हा ती खरं काहीतरी ठरवत असायची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वसतिगृहाच्या आवारभिंतीकडे. भिंत चांगली पुरुषभर उंच होती, वर काचा लावलेल्या.

"म्या करते," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा सैपाक. ऱ्हाते हितंच. पन पोरगी माज्याजवळ ऱ्हाईल."

"एवढ्या मुलींचं रांधायला जमेल तुम्हाला?"

"गावात हजार हजार पानांच्या पंगती म्या उठवल्यात, बाई."

मी खाली बघितलं. आमच्या घरी आत्यानं चूल पेटवली की आई देवाला हात जोडायची. तिची कढी फुटायची, भात गचका व्हायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात, ते आमच्या घरी अक्षरशः होतं. पण मला हसू आलं नाही, कारण मला दुसरंच वाक्य आठवत होतं. माजी मी शेटीन. ते म्हणणारी बाई पदर पुढं ओढून चाकरी मागत होती.

रेक्टरबाई विचारात पडल्या. स्वयंपाकघरामागं कोळशाच्या खोलीला लागून स्वयंपाकिणीची एक खोली होती. "नियमात बसत नाही," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पण स्वयंपाकिणीनं भाची जवळ ठेवू नये, असंही नियमात कुठं लिहिलेलं नाही." त्यांनी आत्याला हात पुढं करायला सांगितले आणि नखं बघितली.

आबांना धर्माकाकाकडून निरोप गेला तो आत्यानं सांगितला तसा. पोरगी भिंतीच्या आत आहे. आणि रेक्टरबाईंनी मनुबाईची हुशारी बघून तिलाही हाताला धरून ठेवून घेतलंय, सगळ्या वसतिगृहावर देखरेख करायला. गावात म्हणे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आबांनी पोयनाडला नकार कळवला.

पहिला आठवडा मी विसरणार नाही. भात खाली करपायचा आणि वर कच्चा राहायचा. पोळ्यांचे नकाशे व्हायचे. आत्या पहाटेच उठून चुलीशी झगडायची आणि घंटा झाली की दचकायची. बाजारात गिऱ्हाईकाला उभ्या उभ्या झाडणारी माझी आत्या, पण एखाद्या चिमुरड्या मुलीनं "मनुबाई, आमटी खारट आहे" म्हटलं की "व्हय ताई" म्हणून मान खाली घालायची. रात्री पाठीला तेल चोळताना मी म्हणायची, "आत्या, चल घरी जाऊ." ती म्हणायची, "गप. अब्यास कर." हळूहळू तिला जमायला लागलं. वालाची उसळ तर अशी जमली की मुली वाटी पुढं करायला लागल्या, आणि आत्याच्या थापाही परत यायला लागल्या. राज्यपालांच्या बंगल्यावरून आपल्याला बोलावणं आलं होतं, असं तिनं पहारेकऱ्याला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं.

मी कॉलेजला मागल्या दारानं जायची, मागल्या दारानं यायची. लसूण सोलता सोलता रसायनशास्त्र पाठ करायची. वसतिगृहातल्या मुलींची आणि माझी गाठ फारशी पडत नसे. पडली तरी कोळशाच्या खोलीकडून येणारी मुलगी कोण, असं त्या विचारत नसत.

गौरी-गणपतीच्या सुमाराला कमळ नावाच्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि ती वसतिगृह सोडून गेली. तिची जागा रेक्टरबाईंनी मला दिली. आत्यानं माझी पेटी स्वतः उचलून वरच्या मजल्यावर नेली, खाट हातानं दाबून पाहिली, खिडकी उघडझाप करून पाहिली. मग दार लोटून मला म्हणाली, "आता तू त्या पोरींतली. जेवनाच्या हालात बसायचं, ताठ बसायचं. आनि मला वळख द्यायची न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी मी मनुबाई. रांधनारी. सैपाकनीची भाची म्हटलं तर त्या पोरी तुला त्यांच्यात धरायच्या न्हाईत. मला ठावं हाय बाजार. माल किती बी चांगला असू दे, टोपली बघून भाव करतात." मी काही बोलणार तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "येवडं कर माजं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्या खोलीत पंगतीला बसले. दोन्ही बाजूंना मुली, पुढ्यात ताटं. आत्या भाताचं पातेलं घेऊन ओळीनं वाढत आली. माझ्यापाशी आली, वाकली आणि म्हणाली, "ताई, भात देऊ? तुमाला आमटी?"

जन्मापासून जिनं मला नले, गधडे, भवाने याखेरीज हाक मारली नाही, ती मला "तुम्ही" म्हणत होती. मी मान हलवली असणार, कारण तिनं भात वाढला. जरा जास्तच वाढला, आणि वर तूप सोडलं, जे बाकी कुणाला सोडलं नव्हतं.

शेजारी नाशिकच्या वकिलाची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "अगं, तुला एकटीला तूप? ओळखीची आहे का तुझ्या?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याच म्हणाली, "न्हाय ओ ताई. म्या कुटली त्यांच्या वळखीची! त्या मोट्या घरच्या हायत. हात घसरला माजा."

आयुष्यभर या बाईनं स्वतःला मोठं करायला थापा मारल्या होत्या. स्वतःला लहान करणारी ही एकच, आणि ती माझ्यासाठी. मला ती ऐकवेना. मी ताटावरून उठले.

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "ही माझी आत्या आहे. सख्खी. हिच्यामुळे मी इथं बसलेय."

आत्या पळी हातात धरून उभी. तिचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, आता ही रडते की काय. आणि मग ती इतक्या जोरात ओरडली की पहारेकरी धावत आला.

"नले, बस खाली! भरल्या ताटावरनं उटतेस? भात निवतोय!"

आधी नाशिकची मुलगी हसली, मग सगळी पंगत हसायला लागली. कुणीतरी पलीकडून ओरडलं, "आत्या, आम्हाला पण तूप!" दुसरी म्हणाली, "आत्या, इकडं!" आत्यानं पदरानं नाक पुसलं, तुपाचं भांडं उचललं आणि, "थांबा, थांबा, तूप काय आबाळातनं पडतंय व्हय?" असं करवादत ती पुढच्या ताटाकडे वळली. मी खाली बसले आणि जेवले.